डॅम्परच्या अलीकडची हवा
जहाजमालक आणि नौवहन प्रशासनास खुले पत्र

प्रति,
जहाजमालक, जहाज-व्यवस्थापन कंपन्या, वर्गीकरण संस्था
आणि नौवहन महानिदेशालय, मुंबई

महोदय,

व्यापारी जहाजाच्या निवासी भागाला हवा पुरवणारी यंत्रणा सहसा एकच असते. बाहेरची थोडी आणि केबिनांमधून परत आलेली पुष्कळ हवा फिल्टरमधून ओढली जाते, थंड कॉइलवरून जाते आणि पंख्याच्या जोरावर कॅप्टनच्या केबिनपासून भंडाऱ्याच्या केबिनपर्यंत पोचते. बाहेरची हवा किती घ्यायची हे एका झडपेवर, म्हणजे डॅम्परवर, ठरते. हा डॅम्पर कोणी, कधी आणि किती लोटला, याची नोंद बहुतेक जहाजांवर कुठेच नसते.

जहाजांच्या वातानुकूलनासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ७५४७, माणशी सेकंदाला किमान ८ लिटर बाहेरची हवा मागते. बाहेर ३५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना आत २७ अंश आणि ५० टक्के राखता यावे, हे त्याच मानकाचे गणित. जहाज नवे असते तेव्हा ते जमते. दहा-बारा वर्षांनी कॉम्प्रेसर थकतो, कॉइलवर मीठ आणि काजळी बसते, आणि मे-जूनमध्ये आखातात शिरल्यावर केबिन थंड होईनाशा होतात. तेव्हाचा सोपा उपाय म्हणजे बाहेरची हवा बंद करणे. डॅम्पर लोटला की कॉम्प्रेसरचा भार उतरतो, गारवा येतो आणि तक्रार थांबते. हवा मात्र तीच ती फिरत राहते.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. बसलेला माणूस उच्छ्वासातून सेकंदाला सुमारे ५ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. माणशी ८ लिटर ताजी हवा येत असेल, तर खोलीतला आकडा हजाराच्या आसपास स्थिरावतो. मेसरूममध्ये तो दोन हजार दिसला, तर ताजी हवा निम्म्याहूनही कमी येते आहे, असा त्याचा सरळ अर्थ. कार्बन डायऑक्साइड या पातळीला विषारी नसतो. पण तो साचला म्हणजे त्याच खोलीतले रंगाचे वास, तळणीचा धूर, इंजिनाकडून आलेली वाफ आणि माणसांचे जंतूही साचले. हा आकडा दाखवणारे उपकरण काही हजार रुपयांत मिळते. म्हणून पहिली विनंती अशी की मेसरूम, कंट्रोल रूम आणि प्रत्येक मजल्यावरच्या किमान एका केबिनमध्ये असा मापक कायमचा बसवावा, आणि डॅम्परची स्थिती रोजच्या रोज लॉगबुकात लिहिली जावी.

जहाजावर मोजमापाची सवय नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचा हिशेब काटेकोर आहे. मार्पोल या जहाज-प्रदूषणविषयक कराराचे सहावे परिशिष्ट १९ मे २००५ पासून लागू आहे. १ जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. इंधन भरल्याची पावती तीन वर्षे जपावी लागते, इंधनाचा नमुना सीलबंद बाटलीत ठेवावा लागतो. दुसऱ्या टोकाला, बंदिस्त टाक्यांत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारे उपकरण १ जुलै २०१६ पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या करारान्वये सक्तीचे आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांकडे जाणारी हवा मोजली जाते आणि माणूस तासाभरासाठी जिथे उतरतो ती टाकीही मोजली जाते. जिथे तो सहा ते नऊ महिने राहतो, त्या जागेबाबत २००६ च्या सागरी श्रम कराराची भाषा ‘पुरेसे वायुवीजन’ इतक्यावर थांबते. पुरेसे म्हणजे किती, आणि ते कशाने तपासायचे, हे तपासणीला येणाऱ्याच्या नाकावर सोडले आहे.

प्रश्न नवा नाही. १७४० च्या दशकात स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने भात्यासारखी यंत्रे करून जहाजाच्या तळातली कोंदट हवा उपसण्याचा उद्योग केला. त्याच सुमारास सॅम्युअल सटन याने गॅलीच्या चुलीची ओढ वापरून नळ्यांवाटे तीच हवा बाहेर काढून दाखवली. त्या काळी जहाजाच्या आतली हवा हा आरमारी चर्चेचा विषय होता. आता निवासी भागावर वातानुकूलनाचे झाकण बसले आहे आणि गारवा म्हणजेच चांगली हवा, असा समज रूढ झाला आहे.

आता ही हवा बिघडते कशाने ते पाहू. पहिला मार्ग धुराड्याचा. बहुतेक मालवाहू जहाजांवर धुराडे निवासी इमारतीच्या लगेच मागे असते आणि हवा ओढणारी तोंडेही पुष्कळदा मागच्याच बाजूला, इंजिनाच्या केसिंगजवळ. वारा समोरून असेल तर धूर मागे निघून जातो. वारा पाठीमागून आणि जहाजाच्याच वेगाचा असेल तर धूर डोक्यावर रेंगाळतो आणि तोंडांतून आत ओढला जातो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत एडनच्या आखातातून मुंबईकडे येणाऱ्या जहाजाच्या पाठीशी दिवसचे दिवस असाच वारा असतो. अशा वेळी केबिनच्या जाळीवर काळा थर धरतो आणि पांढऱ्या टॉवेलवर तो उमटतो. डिझेलच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तरीही जहाज बांधताना हवेची तोंडे कुठे ठेवायची, हे बरेचदा डक्ट कुठून सोयीची जाईल यावर ठरते. नव्या बांधणीचे नकाशे मंजूर करताना वेगवेगळ्या दिशांच्या वाऱ्यात धूर कुठे जातो याचा अभ्यास वर्गीकरण संस्थांनी मागावा, आणि जुन्या जहाजांवर निदान बारीक कण अडवणारे फिल्टर बसवावेत. सध्याच्या बऱ्याच जाळ्या धुण्याजोग्या, जाडसर असतात. त्या माश्या आणि तंतू अडवतात, काजळी नाही.

दुसरा मार्ग इंजिन रूमचा, आणि इथे तक्रार सर्वांत मोठी आहे. जड इंधन प्युरिफायरमध्ये सुमारे ९८ अंशांवर आणि इंजिनात फवारण्याआधी त्याहून बरेच जास्त तापवावे लागते. प्रत्येक गळक्या जोडातून त्याची वाफ निघते. धुराच्या पाइपांवरचे बेलोज फाटले, इंधनाच्या पंपाखाली तेल ठिबकले, बॉयलरचा ज्वाळक नीट जळेना, कचरा जाळायची भट्टी उलटी धूर सोडू लागली, की सगळे याच जागेत मिसळते. वायपर आणि मोटरमन याच हवेत डिझेलने हात धुतात, रसायने ओतून बिल्ज साफ करतात.

यातली विसंगती एका उपकरणात दिसते. २,२५० किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या, अथवा ३०० मिलिमीटरहून रुंद सिलिंडरच्या इंजिनांना सोलास करारानुसार क्रँककेसमधल्या तेलाच्या धुक्याचा शोधक किंवा त्या तोडीची व्यवस्था लावावी लागते. धुके वाढले तर स्फोट होतो, म्हणून हा नियम. तो योग्यच आहे. पण तेच धुके क्रँककेसबाहेर, माणसाच्या तोंडासमोर किती आहे, हे मोजायला कोणी सांगत नाही. ज्या हवेने यंत्र फुटू शकते ती चोवीस तास पाहिली जाते. ज्या हवेने फोर्थ इंजिनियरचे फुफ्फुस खराब होऊ शकते ती दिवसातून एकदाही पाहिली जात नाही. प्युरिफायर रूमला स्वतंत्र आणि चालू स्थितीतले एक्झॉस्ट, धुराच्या गळतीची दुरुस्ती पुढच्या ड्रायडॉकपर्यंत न ढकलणे, आणि वर्षातून एकदा त्रयस्थाकडून तेलधुके, बेंझीन व धुराचे कण यांचे मोजमाप, एवढे तरी आपल्याकडून अपेक्षित आहे.

ॲस्बेस्टॉसचे प्रकरण याच जागेचे. सोलासने १ जुलै २००२ पासून नव्या कामांत ते काही अपवाद वगळून बंद केले आणि १ जानेवारी २०११ पासून अपवादही काढून टाकले. तरी त्यानंतरच्या जहाजांतही गास्केट आणि पॅकिंगमधून ते सापडल्याची उदाहरणे आहेत, कारण सुटा भाग कोणत्या देशातून आणि कोणत्या कागदावर आला हे स्टोअरमध्ये कोणी पाहत नाही. फ्रान्सची क्लेमांसो ही विमानवाहू नौका २००६ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या वादामुळे अलंगच्या वाटेवरून परत गेली आणि जगाचे लक्ष जहाज तोडणाऱ्या मजुरांकडे वळले. ते वळणे आवश्यकच होते. आता जहाजतोडणीविषयीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला आहे आणि घातक पदार्थांची यादी जहाजावर ठेवणे आले आहे. चालू जहाजांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. ही यादी सुपरिंटेंडंटच्या फाइलमध्ये ठेवायची की इंजिन रूमच्या फलकावर लावायची, एवढा साधा निर्णय मालकांच्या हाती आहे. पाइपवरचे जुने लॅगिंग हातोडीने फोडण्यापूर्वी सेकंड इंजिनियरला ती पाहता आली पाहिजे.

माल स्वतःही हवा बिघडवतो. कोळसा मिथेन सोडतो आणि तापला तर कार्बन मोनॉक्साइड. भंगार लोखंड गंजताना ऑक्सिजन खाते. लाकडाच्या इंधन-गोळ्या दोन्ही करतात: ऑक्सिजन घटवतात आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतात. २००६ च्या नोव्हेंबरात स्वीडनमधील हेलसिंगबोर्ग बंदरात अशा गोळ्यांच्या मालाशेजारच्या जिन्यात उतरलेला खलाशी मरण पावला. त्या जिन्यात माल नव्हता. हवा मात्र मालाचीच होती. मालाच्या होल्डशेजारचे जिने, स्टोअर आणि पॅसेज हे बंदिस्त जागांच्या यादीत ठळकपणे आणावेत, ही मागणी त्या मृत्यूइतकीच जुनी आहे.

धान्याच्या जहाजांवर दुसरा धोका असतो. कीड मारण्यासाठी होल्डमध्ये ॲल्युमिनियम फॉस्फाइड टाकून जहाज त्याच अवस्थेत प्रवासाला निघते. त्यातून सुटणारा फॉस्फीन वायू केबलच्या भोकांतून, जुन्या पाइपांतून, गंजलेल्या भिंतीतून केबिनपर्यंत येऊ शकतो. लसणासारखा वास आला म्हणजे वायू आला असे मानले जाते, पण वास न येताही तो धोक्याच्या पातळीला असू शकतो. इथे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने चांगली शिफारस आधीच केलेली आहे: प्रवासभर निवासी भागासह ठरलेल्या जागी किमान दर आठ तासांनी वायू मोजावा आणि लॉगबुकात लिहावा. म्हणजे केबिनची हवा मोजणे अशक्य किंवा अवास्तव आहे, हा युक्तिवाद खुद्द उद्योगाच्याच कागदपत्रांनी खोडलेला आहे. एका मालासाठी जे दिवसातून तीनदा जमते, ते इतर वेळी दिवसातून एकदा जमायला हरकत नसावी.

टँकरवर वायू आत येऊ नये म्हणून निवासी भागाच्या मालाकडच्या खिडक्या न उघडणाऱ्या असतात, आणि लोडिंग-डिस्चार्ज चालू असताना दारे बंद करून वातानुकूलन अंशतः फिरत्या हवेवर ठेवले जाते. अंशतः हा शब्द महत्त्वाचा आहे. बाहेरची हवा पूर्ण बंद केली तर आतला दाब कमी होतो आणि स्नानगृहांचे एक्झॉस्ट पंखे डेकवरची वाफ दाराच्या फटींतून आत ओढतात. सावधगिरीसाठी केलेले काम असे उलटते. हे टँकरच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. डॅम्परजवळ मात्र त्याची खूण क्वचितच दिसते.

आग विझवणारे आणि थंड करणारे वायू यांचा धोका कमी वेळा येतो, पण आला की मोठा असतो. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात चाचण्या चालू असताना रशियन पाणबुडी नेर्पामध्ये अग्निशमन वायू अनवधानाने सुटला आणि २० जण दगावले. हीच पाणबुडी पुढे २०१२ मध्ये आयएनएस चक्र या नावाने भारतीय नौदलात भाडेपट्ट्यावर आली. व्यापारी जहाजावर प्रोव्हिजन रूमच्या शीतक वायूची गळती अशीच मुकाट असते: वायू हवेहून जड, जमिनीलगत साचणारा, बिनवासाचा. तिथे ऑक्सिजनचा मापक आणि बाहेर गजर हवा.

उरलेले मार्ग थोडक्यात. गॅलीची चिमणी तेलाने भरलेली असते आणि उच्च तापमानावरच्या तळणीच्या धुराला संभाव्य कर्करोगकारक गटात ठेवलेले आहे. भंडारी दिवसाचे दहा तास त्याखाली उभा असतो. रिकाम्या केबिनच्या गटारीतला पाण्याचा ट्रॅप सुकला की सांडपाण्याच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वर येतो. त्यावर उपाय आठवड्यातून एक तांब्या पाणी. वातानुकूलनाच्या पाण्याची ताटली तुंबली की बुरशी धरते. समुद्रातच केबिन रंगवण्याची घाई, म्हणजे रिकाम्या दिवशी काम दिसावे म्हणून केलेली रंगरंगोटी, दोन दिवस सगळ्यांना त्या वासात झोपायला लावते. गाड्या वाहणाऱ्या फेरीजहाजांच्या बंद वाहनडेकसाठी सोलासमध्ये तासाला दहा किंवा सहा वेळा हवा बदलण्याचे आकडे आहेत. गाड्यांच्या डेकला आकडा आहे आणि माणसांच्या मेसरूमला विशेषण, हेही इथे नोंदवण्यासारखे.

रोगांच्या बाबतीत २०२० ने पुरेसे शिकवले होते. योकोहामाला रोखून ठेवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ माणसे होती आणि त्यांपैकी ७१२ करोनाबाधित झाली. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले बहुतेक कर्मचारी. त्याआधी १९९४ मध्ये एका प्रवासी जहाजावर व्हर्लपूलच्या तुषारांतून लीजनेअर्स आजाराची साथ ५० प्रवाशांपर्यंत गेली होती. पंधरा किंवा अधिक खलाशी आणि तीन दिवसांहून लांब प्रवास असेल तर जहाजावर वेगळी रुग्णखोली असावी, असे सागरी श्रम करार सांगतो. त्या खोलीतली हवा परतीच्या डक्टमधून पुन्हा सगळ्यांच्या केबिनमध्ये जात नाही ना, हे प्रत्येक जहाजावर धुराची कांडी धरून पाच मिनिटांत तपासता येते. सर्वेक्षणाच्या यादीत हा प्रश्न घालावा.

या सगळ्यात एक मूळ चूक आहे आणि ती दुरुस्त करणे केवळ प्रशासनाच्याच हाती आहे. कामाच्या जागी विषारी पदार्थ किती चालतील याच्या मर्यादा किनाऱ्यावरच्या कारखान्यासाठी ठरलेल्या आहेत: दिवसाला आठ तास, आठवड्याला चाळीस. कामगार घरी गेल्यावर सोळा तास शरीर सावरते, असे त्यात गृहीत आहे. जहाजावर श्रम करारानुसारच दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम चालते, आणि उरलेले तास त्याच पोलादी इमारतीत जातात. करोनाकाळात जेव्हा चार लाखांच्या आसपास खलाशी बदलीविना अडकले, तेव्हा काहींचे हे सलग तास वर्षाच्याही पुढे गेले. आठ तासांची मर्यादा त्यांना जशीच्या तशी लावणे म्हणजे आकडा पाळल्याचे समाधान तेवढे मिळवणे होय. निवासी भागासाठी चोवीस तासांचा मापदंड घ्यायला हवा. बारीक कणांसाठी तो तयारही आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार पीएम २.५ साठी चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम.

भारताने सागरी श्रम करार ९ ऑक्टोबर २०१५ रोजी स्वीकारला आणि २०१६ मध्ये त्याखालचे नियम केले. २०२५ चा नवा व्यापारी नौवहन कायदा आल्याने नियमावली पुन्हा लिहायची वेळ आलीच आहे. ‘पुरेसे’ या शब्दापुढे माणशी ८ लिटर, कार्बन डायऑक्साइडची कमाल पातळी आणि मोजमापाची मुदत लिहायला याहून चांगली संधी मिळणार नाही. जहाजावर जाण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत इंजिन विभागातल्यांसाठी फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी घालावी, आणि तिचे निकाल त्या माणसाच्या नावावर वर्षानुवर्षे एकत्र राहावेत. रत्नागिरीचा मोटरमन आणि गोव्याचा तारवटी दर करारात कंपनी, झेंडा आणि डॉक्टर बदलतो. पन्नाशीत खोकला लागला की तो कोणत्या जहाजाचा, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि भरपाईचा प्रश्न तिथेच संपतो. हे निकाल नोकरी नाकारण्यासाठी वापरले जाणार नाहीत, याची लेखी हमी नियमातच हवी. नाहीतर चाचणी चुकवण्याच्या वाटा आधी निघतील.

खर्चाचे कारण अपेक्षित आहे. मापक, फिल्टर, एक वार्षिक मोजमाप आणि लॉगबुकातला एक रकाना यांचा खर्च जहाजाच्या एका दिवसाच्या इंधनापेक्षा कमी भरेल. डॅम्पर उघडा ठेवल्याने कॉम्प्रेसरला जे जादा इंधन लागेल, तो खर्च मात्र रोजचा आहे आणि तो मालकानेच सोसायचा आहे. इंधन वाचवल्याबद्दल चीफ इंजिनियरला शाबासकी देताना ते कुठून वाचले, हे सुपरिंटेंडंटने विचारावे. पुढच्या भेटीत त्याने आधी एअर कंडिशनिंग रूममध्ये जावे, डॅम्परची खूण पाहावी, फिल्टर बाहेर काढून उजेडात धरावा, आणि मगच कंट्रोल रूममधल्या फायली उघडाव्यात.

कळावे.

आपला,
सागरी व्यवसायाचा एक अभ्यासक